फायब्रॉइडसाठी हायफू करावं का? पुढे मूल हवंय आणि दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत

रानजाई

नमस्कार सगळ्यांना, पोस्ट लांब होणार आहे पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच लिहिते. माझं वय ३६. गेली काही वर्षं पाळीत प्रचंड रक्तस्राव होतो, रक्ताच्या गाठी पडतात, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रात्री पण उठावं लागतं, हिमोग्लोबिन ८.६ वर आलंय आणि एक जिना चढला तरी धाप लागते. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीत साडेसहा सेंटीमीटरची एक गाठ दिसली आणि बाहेरच्या बाजूला अजून एक छोटी. दोन्ही फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतल्या साध्या गाठी, म्हणाले. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चालू आहेत, त्याने जरा आटोक्यात येतं पण गोळ्या थांबल्या की ये रे माझ्या मागल्या.

एका डॉक्टरांनी सांगितलं मायोमेक्टॉमी करू, गाठ काढू आणि पिशवी ठेवू. दुसऱ्यांनी विचारलं मूल हवंय का, मी हो म्हटल्यावर म्हणाले हायफूचा पण विचार करता येईल, पोट न कापता बाहेरून अल्ट्रासाऊंडने गाठ जाळतात, दोन दिवसांत कामावर जाल. ऐकायला इतकं सोपं वाटतंय की त्याचीच भीती वाटते. त्यात माझ्या मावशीचं थर्मल अ‍ॅब्लेशन झालं होतं आणि तिची पाळीच बंद झाली, ती म्हणते मूल हवं असेल तर ह्या वाटेला जाऊच नकोस. आता माझी मती गुंग झालीये.

विचारायचं एवढंच की ह्याने खरंच फरक पडतो का, जाळलेली गाठ जाते कुठे, परत येते का, आणि नंतर दिवस राहिले तर मला किंवा बाळाला काही धोका? कोणी करून घेतलं असेल तर प्लीज सांगा. माझा एमआरआय पुढच्या आठवड्यात आहे.

सिस्टर_सुलू

रानजाई ताई, मी स्त्रीरोग विभागाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये बरीच वर्षं काम करते, त्यामुळे आधी मावशींचं सांगते कारण ह्यावरून खूप बायका घाबरून येतात. मावशींचं झालं ते बहुतेक एंडोमेट्रियल अ‍ॅब्लेशन असणार. त्यात गाठीला हात लावत नाहीत, गर्भाशयाचं आतलं अस्तरच जाळतात, जे दर महिन्याला पाळीतून पडतं ते. फुग्याच्या पद्धतीत आत फुगा ठेवून त्यातलं पाणी ८७ डिग्रीला तापवतात आणि आठ मिनिटं ठेवतात, नोव्हाशुअरमध्ये आत एक जाळी उघडते आणि रेडिओफ्रिक्वेन्सीने दीड-दोन मिनिटांत काम होतं. अस्तर गेलं की पाळी एकदम कमी होते, काहींची बंदच होते. ज्यांना पुढे मूल नको आहे त्यांच्यासाठीच ते आहे, तुमच्यासाठी नाही, आणि कोणी तुम्हाला ते सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा.

आणि इथे वाचणाऱ्या ज्यांचं हे झालंय त्यांच्यासाठी पण लिहिते, पाळी बंद झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं अजिबात नाही. ओव्हरी चालूच असतात. अस्तर जळलेल्या पिशवीत गर्भ राहिला तर गर्भपात होऊ शकतो, वार भिंतीत रुतून बसू शकते, बाळंतपणात जिवावर बेतेल इतका रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मेनोपॉज येईपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवावंच लागतं, किंवा आधीच नसबंदी. हे पेशंटला डिस्चार्जच्या वेळी कोणी घाईत सांगतं आणि ते कानाआड जातं, म्हणून मी मुद्दाम बसवून सांगते. अजून एक, करण्याआधी अस्तराची बायोप्सी व्हायलाच हवी, कारण आत कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था असेल तर वरून जाळून टाकून ती झाकली जाते. ४५ च्या आत ज्यांचं होतं त्यांना पुढे कधीतरी पिशवी काढावी लागण्याची शक्यता पण जास्त असते.

तुम्हाला सांगितलंय ते हायफू, त्यात अस्तर तसंच ठेवून गाठीच्या आतला भाग जाळायचा असतो. मावशींच्या आणि तुमच्या ट्रीटमेंटमध्ये उष्णता सोडली तर काही सारखं नाही.

पहाटवारा

मी करून घेतलंय, एमआरआयमध्ये होतं ते. तेव्हा मला पण असंच कोणीतरी नीट सांगायला हवं होतं म्हणून बारीकसारीक लिहिते.

आदल्या दिवशी हलकं खाणं आणि पोट साफ करायला औषध, कारण आतड्यात गॅस असेल तर अल्ट्रासाऊंड पुढे जात नाही. ओटीपोटावरचे केस काढतात, लघवीची नळी घालतात. मग एमआरआयच्या टेबलावर पालथं झोपायचं, पोटाखाली पाण्याची आणि जेलची गादी असते, लहरी त्याच्या खालून येतात. पूर्ण भूल देत नाहीत, गुंगी आणि वेदनाशामक देतात, कारण तुम्ही बोलू शकायला हव्यात. हातात एक बटण देतात, कुठेही असह्य दुखलं, चटका बसतोय असं वाटलं, पायात कळ गेली तर दाबायचं, लगेच थांबतं. मी दोन-तीनदा दाबलं. एकदा मांडीतून खाली सणक गेली तेव्हा त्यांनी लगेच जागा बदलली, नंतर कळलं की मागच्या नसेजवळ उष्णता पोचली की असं होतं आणि म्हणूनच पेशंटला जागं ठेवतात. बटण दाबायला लाजू नका, "थोडं सहन करते" असं तर मुळीच करू नका.

तासन् तास पालथं पडून राहणं हेच सगळ्यात कठीण गेलं, खांदे आखडले. संध्याकाळी पाळीत दुखतं तसं ओटीपोटात दुखत होतं, दुसऱ्या दिवसापासून साध्या गोळीवर भागलं. काही आठवडे अंगावरून लालसर पाणी जात होतं.

फरक लगेच नाही पडला हो. पहिली पाळी होती तशीच आली, मी रडले. तिसऱ्या-चौथ्या पाळीपासून जाणवायला लागलं, सहा महिन्यांनी मी रात्री न उठता झोपायला लागले. गाठ आहे अजून, लहान झालीये, गेली नाही. मला मूल आधीच होतं त्यामुळे तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण रक्तस्रावाच्या बाबतीत मला जे हवं होतं ते मिळालं.

एमआरआयवाला

मी रेडिओलॉजिस्ट आहे, फायब्रॉइडचे एमआरआय वाचणं माझं रोजचं काम. वरच्या दोघींनी छान लिहिलंय, मी मशीन आणि रिपोर्टच्या बाजूने लिहितो.

उन्हात भिंग धरून कागद जाळतो तेच तत्त्व आहे. लहरी त्वचेतून आत जाताना पसरलेल्या असतात, एका काही मिलीमीटरच्या बिंदूवर एकवटतात आणि तिथे काही सेकंदांत तापमान ६० ते ८० डिग्रीच्या घरात जातं, तिथल्या पेशी मरतात. मग थोडं थांबायचं, आजूबाजूचं गार होऊ द्यायचं, शेजारचा बिंदू घ्यायचा. अख्खी गाठ अशी बिंदू-बिंदू करून भरायची म्हणून तीन-चार तास लागतात. एमआरआयखाली केलं तर स्क्रीनवर दर काही सेकंदांनी तापमानाचा नकाशा दिसतो, कुठे किती तापलं ते आकड्यात कळतं. दुसरा प्रकार अल्ट्रासाऊंडखाली करायचा, चीनमध्ये चोंगचिंगला तयार झालेली मशीनं त्यातली, त्यात तापमानाचा आकडा मिळत नाही, ऊती पांढरट होताना दिसते त्यावरून डॉक्टर अंदाज घेतात. वेळ कमी लागतो, अनुभवी हातात चांगला रिझल्ट येतो. तुम्हाला कुठला प्रकार सुचवलाय ते विचारा.

आता गाठ जाते कुठे. मेलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं, त्याला महिने लागतात. सहा महिने-वर्षभरात आकारमान निम्म्यावर आलं तर तो चांगला रिझल्ट धरतात. पण इथे पेशंटची फार निराशा होते म्हणून गणित सांगतो: साडेसहा सेंटीमीटरच्या गाठीचं आकारमान निम्मं झालं तरी रुंदी जेमतेम सव्वापाचपर्यंत येते. सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन "एवढंच?" असं वाटतं. म्हणून रक्तस्राव, हिमोग्लोबिन, लघवीचा दाब ह्यावरून यश मोजायचं, सेंटीमीटरवरून नाही.

उपयोग होईल की नाही हे बरंचसं एमआरआयवर आधीच दिसतं, आणि माझ्या मते हायफूच्या निर्णयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. टी२ नावाच्या इमेजमध्ये गाठ काळी दिसते का, मधली, का पांढरी. काळी गाठ म्हणजे तंतू जास्त, पाणी कमी, ती छान तापते. पांढरी, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूपेक्षाही उजळ, तिच्यात पेशी आणि रक्तपुरवठा जास्त, उष्णता वाहून जाते, तापतच नाही. ह्याला अनुक्रमे फुनाकी टाइप १, २, ३ म्हणतात. फुनाकी टाइप ३ असेल तर मी स्वतः पेशंटला दुसरा पर्याय बघायला सांगतो. दुसरं, लहरींना गाठीपर्यंत मोकळी वाट हवी. मध्ये आतडं आलं, आधीच्या ऑपरेशनचा जाड व्रण आला तर त्वचा भाजण्याचा किंवा आतड्याला इजा होण्याचा धोका असतो, कधी मूत्राशय भरून वगैरे वाट काढता येते, कधी नाही. देठावर लटकणारी गाठ असेल तर नको. गाठ पूर्ण पोकळीत असेल तर हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे गर्भाशयात दुर्बीण घालून, खालून काढणं सरळ आणि चांगलं. आणि सोनोग्राफीत फायब्रॉइड वाटलेली गोष्ट कधी कधी अ‍ॅडेनोमायोसिस, म्हणजे अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेलं, निघते, त्याचं सगळं गणित वेगळं, ते पण एमआरआयवर कळेल.

ट्रीटमेंट संपल्यावर काँट्रास्ट देऊन परत एमआरआय करतात, गाठीच्या किती भागात रक्तपुरवठा उरला नाही ते बघायला. त्याला एनपीव्ही म्हणतात. ८० टक्क्यांच्या वर गेलं तर पुन्हा काही करावं लागण्याची शक्यता बरीच कमी होते. तुम्हाला जिथे करायचंय तिथे सरळ विचारा की माझ्यासारख्या गाठीत तुमचं एनपीव्ही साधारण किती येतं. उत्तर देता येत नसेल तर मी तरी पुढे जाणार नाही.

इतिहास थोडा सांगतो कारण नेटवर जुने आकडे फिरतात. इनसाइटेक कंपनीच्या एक्झाब्लेट ह्या हायफू मशीनला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या संस्थेने, ऑक्टोबर २००४ मध्ये फायब्रॉइडसाठी परवानगी दिली, तेव्हा ज्यांना पुढे मूल नको त्यांच्यासाठीच होती. सुरुवातीच्या अभ्यासांत सुरक्षिततेसाठी गाठीचा साधारण एक तृतीयांश भागच जाळायची मर्यादा होती, उरलेला जिवंत भाग परत वाढायचा, त्यामुळे ते रिझल्ट फिके दिसतात. नंतर मर्यादा सैल झाल्या, आणि २०१५ मध्ये एफडीएने लेबल बदललं, गर्भाशय आणि मूल होण्याची क्षमता टिकवायची असलेल्यांचाही विचार करता येईल असं केलं. तरी सगळं गुलाबी नाही. फर्स्ट नावाच्या अमेरिकन अभ्यासात हायफू आणि यूएई, म्हणजे फायब्रॉइडच्या रक्तवाहिन्या बंद करण्याची ट्रीटमेंट, ह्यांची तुलना झाली. बायका थोड्याच होत्या, ८३, पण पुन्हा ट्रीटमेंट लागण्याचं प्रमाण हायफूत ३० टक्के आणि यूएईत साधारण १३ टक्के आलं. म्हणजे परत येते का ह्या प्रश्नाचं उत्तर, हो, येऊ शकते, आणि तुमच्या वयात मेनोपॉजला अजून बरीच वर्षं आहेत तर जास्तच.

कोरा_कागद

एमआरआयवाला, तुम्ही जे फुनाकी टाइप ३ म्हणताय ना तेच माझ्या बाबतीत झालं, आणि मला हे आज कळतंय!! नऊ सेंटीमीटरची गाठ होती, जिथे केलं त्यांनी एमआरआय केला, "चालेल" म्हणाले, काळी-पांढरी वगैरे कोणी एक शब्द बोललं नाही. मी विचारणार तरी काय, मला माहीतच नव्हतं की असं काही विचारायचं असतं. तीन महिने जरा बरं वाटलं आणि मग सगळं पूर्ववत. वर्षाच्या आत मायोमेक्टॉमी करावी लागली, ती मात्र चांगली झाली, पाळी आता माणसासारखी येते. रिपोर्ट काढून बघितला आत्ता, टी२ वर हायपरइंटेन्स, म्हणजे पांढरी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे माहिती कागदावर होती, फक्त मला कोणी सांगितली नाही.

रानजाई तुला घाबरवायला नाही लिहीत, पहाटवाराचं चांगलं झालं तसं तुझंही होईल कदाचित. पण रिपोर्ट आला की तो शब्द शोध.

गोकर्ण

थोडा वेगळा प्रश्न, इथेच विचारते कारण नाव तेच आहे. माझी गर्भाशयमुखाची तपासणी झाली, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून बघतात ती, पांढरा डाग आला आणि एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी जोडलेला विषाणू, तो पण पॉझिटिव्ह. त्यांनी थर्मल अ‍ॅब्लेशन सुचवलंय, म्हणाले इथेच भूल न देता होईल. मला अजून मूल हवंय. वरचं वार रुतण्याचं वाचून हातपाय गार पडलेत.

सिस्टर_सुलू

गोकर्ण ताई, घाबरू नका, तुमचं पिशवीच्या आतल्या अस्तराशी काही देणंघेणं नाही. तुमच्यात फक्त गर्भाशयमुखाच्या वरच्या थरावरच्या बदललेल्या पेशी जाळायच्या आहेत. एक दांडीसारखं उपकरण असतं, त्याचं टोक १०० डिग्रीला तापतं, २० ते ३० सेकंद टेकवायचं, डाग मोठा असेल तर शेजारी अजून एकदा-दोनदा. पोटात पाळीसारखी कळ येते आणि संपतं. जर्मनीच्या कुर्ट झेम ह्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात हे उपकरण आणलं, म्हणजे नवीन काही नाही. २०१९ मध्ये डब्ल्यूएचओने ह्याच्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, कारण आधीच्या क्रायोथेरपीला, म्हणजे पेशी गोठवून मारायच्या पद्धतीला, गॅसची सिलिंडरं लागायची आणि हे बॅटरीवर चालतं, छोट्या दवाखान्यात पण करता येतं.

पण दोन गोष्टी नीट बघितल्या असायला हव्यात. डाग पूर्ण दिसला पाहिजे, आत नळीत शिरलेला नको, आणि गर्भाशयमुखाच्या तीन चतुर्थांशपेक्षा जास्त पसरलेला नको. आणि कॅन्सरची जराही शंका नको. शंका असेल तर जाळायचं नाही, तुकडा काढून तपासायचा, हे विचारून घ्या. नंतर काही आठवडे अंगावरून पाणी जातं, साधारण महिनाभर संबंध टाळायचे, ताप आला किंवा घाण वास यायला लागला तर लगेच दाखवायचं. आणि बारा महिन्यांनी परत तपासणी, ती बायका चुकवतात, तुम्ही चुकवू नका.

गोकर्ण

खूप आभार सिस्टर, आज झोप लागेल.

रानजाई

रिपोर्ट आला! सगळ्यांना इतकं मनापासून लिहिल्याबद्दल काय बोलू. लिहिते जसंच्या तसं: पुढच्या भिंतीत ६.७ बाय ६.१ बाय ५.८ सेंटीमीटर, फिगो टाइप ३, टी२ वर हायपोइंटेन्स (कोरा_कागद, मी पहिल्यांदा तोच शब्द शोधला), डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन नाही, कडा स्पष्ट. दुसरी २.३ सेंटीमीटर फिगो ६. अ‍ॅडेनोमायोसिस नाही. पोटावर कुठलंही ऑपरेशन आधी झालेलं नाही.

म्हणजे माझी काळी आहे ना? मग हायफू करू का? आणि मूल होण्याबद्दल कोणीच ठाम बोलत नाहीये, तेच मला सगळ्यात जास्त हवंय. अजून एक, गाठ आतच जाळली तर ती साधीच गाठ होती हे कळणार कसं?

एमआरआयवाला

हो, काळी. फिगो ही गाठीच्या जागेवरून केलेली वर्गवारी, मघाच्या फुनाकी टाइपशी तिचा संबंध नाही. फिगो टाइप ३ म्हणजे पूर्ण भिंतीत आहे पण अस्तराला टेकलेली, तुमचा रक्तस्राव त्यामुळेच असण्याची शक्यता जास्त. छोटी बाहेरच्या बाजूला आहे, ती सहसा एवढा त्रास देत नाही. रिपोर्टवरून तांत्रिकदृष्ट्या तुमची गाठ हायफूला योग्य वाटतेय, पण वाट मोकळी आहे का हे प्रत्यक्ष इमेज बघून, तुम्हाला टेबलावर ज्या स्थितीत झोपवणार त्यात बघूनच ठरतं.

शेवटचा प्रश्न फार चांगला विचारलात. हायफूत, आणि कुठल्याही अ‍ॅब्लेशनमध्ये, तपासायला ऊती मिळत नाही. मायोमेक्टॉमीत काढलेली गाठ पॅथॉलॉजीला जाते. गर्भाशयाचा सार्कोमा हा कॅन्सर दुर्मिळ आहे पण बाहेरून फायब्रॉइडसारखा दिसू शकतो. २०१४ मध्ये एफडीएने गाठी बारीक करून काढणाऱ्या मशीनबद्दल इशारा दिला तेव्हा फायब्रॉइड म्हणून ऑपरेशन होणाऱ्या साधारण ३५० बायकांत एकीला असा लपलेला सार्कोमा असू शकतो असा अंदाज मांडला होता, नंतरच्या काही अभ्यासांत प्रमाण बरंच कमी आलं. वाढत्या वयाबरोबर धोका वाढतो, मेनोपॉजनंतर वाढणारी गाठ तर कधीच जाळायची नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये कडा स्पष्ट, डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन (दाट पेशींची खूण) नाही, टी२ वर काळी, हे सगळं धीर देणारं आहे, पण एमआरआय शंभर टक्के खात्री देत नाही हे मला तुम्हाला सांगावंच लागेल.

आता मूल. हायफूनंतर दिवस राहिलेत आणि निरोगी बाळं झालीत हे नक्की. २०१० मध्ये एक संकलन छापलं गेलं, एमआरआयखाली हायफू झालेल्या ५१ बायकांच्या ५४ गर्भधारणा, ज्यांची बाळंतपणं झाली त्यातल्या ६४ टक्के नॉर्मल, बाळांची वजनं पण चांगली. पण गर्भपातही झाले, २८ टक्के. आणि ह्या सगळ्या दिवस राहिलेल्याच बायका, किती जणींना प्रयत्न करून राहिले नाहीत ते त्यातून कळत नाही. मायोमेक्टॉमीचा अनुभव कितीतरी जुना आणि मोठा आहे. तिचेही तोटे आहेत, पिशवीवर व्रण राहतो, आतले अवयव एकमेकांना चिकटतात, व्रण खोल असेल तर बहुतेक वेळा सिझेरियन सांगतात, काही महिने थांबावं लागतं, आणि तिच्यानंतरही नवीन गाठी येऊ शकतात.

मला विचाराल तर, मूल हेच पहिलं ध्येय असेल आणि एक मोठी गाठ असेल तर मी मायोमेक्टॉमी करणाऱ्या चांगल्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय हायफूकडे जाणार नाही. मी हायफूच्या बाजूचा माणूस आहे तरी हे लिहितोय. ऑपरेशनच नको असं तुमच्या मनात पक्कं असेल, किंवा भूल देण्यात अडचण असेल, तर हायफू हा तुमच्यासाठी खरा पर्याय आहे, नाही म्हणणार नाही.

सिस्टर_सुलू

रेडिओफ्रिक्वेन्सीने गाठ जाळण्याचं पण कोणीतरी तुम्हाला सांगेल म्हणून आधीच लिहिते. अ‍ॅसेसा नावाच्या पद्धतीत लॅपरोस्कोपीने पोटातून सुई गाठीत घालून आतून तापवतात, २०१२ ची एफडीए परवानगी आहे. सोनाटा नावाच्या दुसऱ्या पद्धतीत काप नाहीच, खालून गर्भाशयमुखातून जातात, ती २०१८ ची. हायफूपेक्षा गाठीत थेट पोचतात त्यामुळे वाटेतल्या आतड्याचा प्रश्न येत नाही, पण नंतरच्या गर्भधारणेची माहिती तिथेही कमीच आहे आणि तपासायला गाठ हातात येत नाही हे तिथेही तसंच.

आणि ताई, काहीही ठरवा, पण ८.६ हिमोग्लोबिनवर ऑपरेशनला जाऊ नका. शिरेतून आयर्न घेता येतं का विचारा, गोळ्यांनी पोट बिघडतं आणि वेळ पण लागतो. पाळी काही काळ थांबवायला किंवा कमी करायला औषधं असतात, गाठ पण त्यात थोडी आकसते, तेवढ्या दिवसांत रक्त भरून निघतं. थकलेलं शरीर घेऊन मोठा निर्णय घ्यायला बसलं की डोकंही चालत नाही, मी रोज बघते.

पहाटवारा

सुलू सिस्टर बरोबर बोलतायत, माझं आयर्न आधी दिलं होतं आणि त्या एकाच गोष्टीने मी अर्धी बरी झाले होते. रानजाई, मला मूल नको होतं म्हणून माझा निर्णय सोपा होता, तुझा नाही, त्यामुळे माझं चांगलं झालं ह्यावर जाऊ नकोस गं.

रानजाई

आज बऱ्याच दिवसांनी डोकं जागेवर आल्यासारखं वाटतंय. आयर्नचं उद्याच विचारते. मायोमेक्टॉमीच्या सर्जनची अपॉइंटमेंट घेतलीये, त्यांना विचारणार की लॅपरोस्कोपीने होईल का, पोकळी उघडावी लागेल का, आणि नंतर किती महिने थांबायचं. मग हायफूवाल्यांकडे पण एकदा जाणारच, एनपीव्हीचा प्रश्न घेऊन. नवरा म्हणतोय तूच ठरव पण दोन्हीकडे मी येतो. वय ३६ आहे हे पण डोक्यात आहे, उगीच वर्ष घालवायचं नाहीये.

एमआरआयवाला

वयाचं बरोबर लक्षात ठेवलंत, ते दोन्हीकडे आपणहून सांगा, आणि नवऱ्याची तपासणी पण त्याच काळात उरकून घ्या, नाहीतर सगळं लक्ष गाठीकडे राहतं आणि ते मागे पडतं. जाताना रिपोर्टचा नुसता कागद नेऊ नका, एमआरआयची सीडी मागून घ्या. सर्जनला गाठ अस्तरापासून किती दूर आहे ते बघायचं असतं आणि हायफूवाल्यांना मध्ये आतडं येतंय का ते, दोन्ही इमेजमध्येच दिसतं.